गर्भजल जास्त असल्याचे कळल्यावर करावयाची तयारी

सोनोग्राफीच्या अहवालात ‘लायकर (म्हणजे बाळाभोवतीचे पाणी, गर्भजल) जास्त’ असा शेरा दिसला की सर्वप्रथम त्याच्या पुढचा आकडा पाहावा. पोटाच्या चारही भागांतील पाण्याची खोली मोजून केलेली बेरीज, म्हणजे एएफआय, 24 सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक असेल, अथवा सर्वांत खोल जागा 8 सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक असेल, तर पाणी जास्त मानतात. बेरीज 30 च्या आत असल्यास वाढ सौम्य आणि 35 च्या पुढे गेल्यास तीव्र धरली जाते. हा आकडा वहीत तारखेसह, कितव्या आठवड्यातला आहे तेही नमूद करून लिहून ठेवावा, कारण पुढच्या वेळी पाणी वाढले की स्थिरावले हे त्यावरूनच कळणार असते. सौम्य वाढीत बहुतेक वेळा कोणतेच कारण सापडत नाही आणि बाळ निरोगी जन्मते. तीव्र वाढीत मात्र साधारण तीनपैकी एका बाळात काहीतरी व्यंग आढळते, त्यामुळे पुढची तयारी आकड्याच्या प्रमाणात करावी. पोट पाहून ‘जुळे आहे का’ असे विचारणाऱ्या नातेवाइकांना काय सांगायचे तेही घरात आधीच ठरलेले बरे. गर्भवतीचे पिण्याचे पाणी कुणाच्याही सांगण्यावरून कमी करू नये, कारण त्याने गर्भजल उतरत नाही.

व्यंगाचा आणि पाण्याचा संबंध समजून घेतला तर डॉक्टरांना काय विचारायचे ते आपोआप सुचते. गर्भजल हे मुख्यत्वे बाळाचे मूत्र असते आणि बाळ ते रोज गिळून पुन्हा शरीरात घेते. म्हणून अन्ननलिका किंवा लहान आतड्याची सुरुवात बंद असेल, छातीत काही दाब असेल, अथवा मेंदूच्या किंवा स्नायूंच्या विकारामुळे गिळण्याची क्रियाच होत नसेल, तर पाणी साचत जाते. त्यामुळे गर्भचिकित्सातज्ज्ञांकडून होणाऱ्या सविस्तर तपासणीच्या वेळी बाळाचे जठर भरलेले दिसते का, त्याच्या शेजारी पाण्याने भरलेला दुसरा बुडबुडा दिसतो का, छातीचा पडदा अखंड आहे का, ओठ, टाळू, मणका, हृदय आणि हालचाल कशी आहे, हे एकेक करून विचारावे. दोन बुडबुडे दिसल्यास आतड्याच्या सुरुवातीला अडथळा असण्याची शक्यता असते. अशा बाळांपैकी जवळपास तिसऱ्या हिश्शाला डाउन सिंड्रोम हा गुणसूत्रांचा विकार असतो, म्हणून गर्भजलाचा नमुना घेऊन गुणसूत्रे तपासण्याचा प्रश्न येतो. हा अडथळा एकटाच असेल तर जन्मानंतरच्या शस्त्रक्रियेने चांगला सुधारतो, हे घाबरून निर्णय घेण्याआधी बालशल्यचिकित्सकाच्या तोंडून ऐकावे. असे अडथळे पुष्कळदा 24 आठवड्यांनंतरच दिसतात. गंभीर व्यंगामुळे गर्भपाताचा विचार करावा लागलाच, तर 2021 च्या सुधारित कायद्यानुसार त्या मुदतीनंतर वैद्यकीय मंडळाची संमती लागते.

या तपासणीला जाताना आधीचे सगळे अहवाल तारखेप्रमाणे लावून न्यावेत. ओळखपत्राची प्रतही जवळ असावी, कारण लिंगनिदानविरोधी कायद्याखाली ‘फॉर्म एफ’ भरावा लागतो. गर्भवतीच्या बाजूने 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासून घ्यावी; ती 140 किंवा त्याहून जास्त आल्यास गर्भारपणातला मधुमेह समजतात, आणि पाणी वाढण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. रक्तगट निगेटिव्ह असल्यास बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार झाली आहेत का, याचीही तपासणी राहू देऊ नये.

यानंतरचा निर्णय जागेचा, आणि आपल्याकडे तो अवघड असतो, कारण पहिले बाळंतपण माहेरी ही रीत अजून बळकट आहे. माहेर तालुक्याच्या गावी असेल आणि तिथे नवजात अतिदक्षता विभाग किंवा बालशल्यचिकित्सक नसेल, तर पाण्याची वाढ तीव्र असताना अथवा व्यंगाची शंका असताना सातव्या महिन्यातच ही रीत बाजूला ठेवावी; आईने लेकीकडे येऊन राहावे. नेमक्या रुग्णालयाचे नाव, बाळाला ठेवण्याची सोय, रक्तपेढीतील उपलब्धता आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची कागदपत्रे आधी विचारून ठेवावीत. गर्भाशय फार ताणलेले असल्याने प्रसूतीनंतर रक्तस्राव जास्त होऊ शकतो, म्हणून गर्भवतीच्या रक्तगटाचे दोन नातेवाईक त्या दिवशी हाताशी असावेत.

वेळेआधी कळा येणे, बाळ आडवे किंवा पायाळू राहणे आणि पाणमोट अचानक फुटून नाळ खाली घसरणे, हे तीन धोके घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावेत. एकदम भळकन पाणी गेले तर गर्भवतीला चालवू नये; डाव्या कुशीवर आडवे करून कमरेखाली उशी द्यावी, 108 ला फोन करावा आणि नाळ बाहेर दिसत असेल तर ती आत ढकलण्याचा प्रयत्न करू नये. श्वास घेणे जड जाणे, पाठीवर झोपता न येणे किंवा पोट दगडासारखे कडक होऊन तसेच राहणे, ही लक्षणे दिसल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

यादीतली सर्वांत महत्त्वाची, तरीही सहज राहून जाणारी बाब बाळाच्या पहिल्या घोटाची आहे. अन्ननलिका बंद असलेल्या प्रकारांपैकी सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात श्वासनलिकेतून जठरात पाणी पोहोचते, त्यामुळे सोनोग्राफीत जठर भरलेले दिसते आणि व्यंग नजरेतून सुटते. म्हणून पाणी जास्त असलेल्या प्रत्येक बाळाच्या बाबतीत, दूध पाजण्याआधी तोंडातून बारीक नळी जठरापर्यंत जाते का हे पाहावे, अशी विनंती प्रसूतीआधीच बालरोगतज्ज्ञांकडे करून ठेवावी. तोपर्यंत मध, साखरपाणी, घुटी यांतले काहीही बाळाच्या जिभेला लावू नये, आणि हे आजीला प्रसूतिगृहाच्या दारात सांगण्यापेक्षा महिनाभर आधी घरी सांगावे. बाळाच्या तोंडातून सतत फेस येत असेल किंवा पहिल्याच घोटाला ते निळे पडत असेल, तर पाजणे तत्काळ थांबवून परिचारिकेला हाक मारावी. गर्भारपणात साखर वाढलेली असल्यास बाळंतिणीची साखर सहा ते बारा आठवड्यांत पुन्हा तपासायची असते. ती तारीख बाळाच्या पहिल्या लसीच्या कार्डावरच लिहून ठेवावी.