स्क्रीन रीडरवर वर्ड शिकताय? या चुका टाळा

स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, न दिसणाऱ्यांसाठी. तो शिकायला नवा विद्यार्थी आला की पहिली मागणी ठरलेली. "सर, शॉर्टकटची यादी व्हॉट्सअ‍ॅपला टाका ना." मी यादी देत नाही. दिली की आठवड्यात सगळ्या कळा तोंडपाठ होतात, पण मशीन काय सांगतंय ते ऐकायची सवय लागत नाही. बाकीच्या चुका तिथूनच निघतात. माझ्याकडे येणारे जवळपास सगळे एनव्हीडीए हा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर आणि वर्ड वापरतात, म्हणून त्याच दोघांबद्दल लिहितो. एनव्हीडीए कळ म्हणजे इन्सर्ट, किंवा सेटिंगमध्ये निवडली असेल तर कॅप्स लॉक.

ऐकायच्या आधीच पुढची कळ

ही चूक माझ्या डोक्यात जाते. एक कळ दाबली, आवाज सुरू झाला, "सिले..." एवढंच ऐकू आलं की दुसरी कळ. कंडक्टरनं गावाचं नाव पुकारायच्या आधीच एसटीतून उडी मारायचा हा प्रकार आहे.

गंगाखेडकडचा एक मुलगा होता, बीएला. बोटं चपळ, इनस्क्रिप्ट (मराठी टाइप करायची कीबोर्डची मांडणी) पक्कं. मराठवाडा मुक्तिसंग्रामावर त्यानं छान निबंध लिहिला होता, निजामाच्या राजवटीपासून 17 सप्टेंबर 1948 पर्यंत. शेवटी सगळा मजकूर ठळक करावा असं त्याच्या मनात आलं. कंट्रोल + ए दाबलं, सगळं सिलेक्ट झालं. मग कंट्रोल + बी दाबायला गेला, पण कंट्रोलवरचं बोट आधीच उचललेलं. कीबोर्ड मराठीत होता आणि इनस्क्रिप्टमध्ये बीच्या कळीवर व असतो. सिलेक्ट केलेल्या मजकुरावर काहीही टाइप केलं की तो मजकूर जातो आणि टाइप केलेलं तेवढं उरतं. अख्ख्या निबंधाच्या जागी एक अक्षर राहिलं: व.

एनव्हीडीएनं "व" असं सांगितलंही होतं. पण गडी घाईत. कंट्रोल + एस, ऑल्ट + एफ4, पेन ड्राइव्ह काढला, मोकळा. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली आणि म्हणाला, "सर, ह्याच्यात तर कायबी नाही की!" फाइल बंद व्हायच्या आधी नुसतं कंट्रोल + झेड दाबलं असतं तर सगळं जागेवर आलं असतं. बंद केल्यावर वर्ड मागची पावलं विसरतो. पेन ड्राइव्हवरच्या त्या फाइलची दुसरी प्रत कुठंच नव्हती. निबंध पुन्हा लिहावा लागला.

मजकूर गायब झाल्यासारखा वाटला तर आधी कीबोर्डवरून हात उचला. सेव्ह करू नका, बंद करू नका. कंट्रोल + झेड दाबा आणि मजकूर परत आला का ते ऐका. नाही आला तर पुन्हा दाबा.

माझी सवय अशी. काहीही सिलेक्ट केलं की एनव्हीडीए + शिफ्ट + वरचा बाण दाबून नेमकं काय सिलेक्ट झालंय ते ऐकायचं. बदल केल्यावर एनव्हीडीए + वरचा बाण दाबून चालू ओळ ऐकायची. आपण कोणत्या फाइलमध्ये आहोत याची शंका आली तर एनव्हीडीए + टी. वेळ लागतो, लागू द्या.

यातला एक खड्डा लॅपटॉपवाल्यांसाठी. एनव्हीडीएच्या दोन मांडण्या आहेत, डेस्कटॉप आणि लॅपटॉप, आणि वरच्या बाणाच्या दोन्ही कळा डेस्कटॉप मांडणीतल्या. लॅपटॉप मांडणीत ओळ ऐकायला एनव्हीडीए + एल, सिलेक्शन ऐकायला एनव्हीडीए + शिफ्ट + एस. शिफ्ट निसटला तर होतं एनव्हीडीए + एस, आणि ती आवाजाची पद्धत बदलायची कळ आहे. मग फोन येतो, "सर, मशीन बोलंना झालंय." रीस्टार्ट करू नका, दुकानात नेऊ नका. बोलू लागेपर्यंत एनव्हीडीए + एस थांबून थांबून पुन्हा दाबा.

मराठी फाइल "एबीसीडी" वाचते

ही दुसरी. परभणी जिल्ह्यातल्या एका मुलीनं तालुक्याच्या गावी डीटीपीवाल्याकडून अर्ज टाइप करून घेतला आणि फाइलही मागून आणली, घरी स्वतः दुरुस्त करता यावी म्हणून. हुशारी तिचीच. घरी उघडली तर एनव्हीडीए काहीतरी अगम्य इंग्रजी बडबडतोय. तिनं आवाज बदलला. एनव्हीडीए काढून पुन्हा टाकला. भावाला दाखवलं तर तो म्हणतो, "मला तर चांगलं मराठी दिसतंय." मग तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय.

चुकत काहीच नव्हतं. फाइल कृतिदेवमध्ये होती. असल्या जुन्या फाँटात आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फाँट फक्त त्यांना देवनागरीचं रूप देतो. डोळ्याला "मराठी" दिसतं, पण एकेक अक्षर बाणानं ऐकलंत तर ऐकू येतं: ई, जे, के, बी, एच. स्क्रीन रीडर रूप बघत नाही, साठवलेलं अक्षर वाचतो. श्रीलिपीच्या जुन्या फाँटांचीही तीच गत.

फाँट बदलून मंगल केला की काम होईल, असं सांगणारे भेटतील. होत नाही. उलट भावालाही इंग्रजी अक्षरं दिसू लागतील. उपाय दोनच: कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आत खरी देवनागरी अक्षरंच साठवणाऱ्या पद्धतीत, आणायचा, किंवा टाइप करून घेतानाच "युनिकोडमध्येच पाहिजे" असं ठणकावून सांगायचं. डीटीपीवाला कुरकुर करतो, त्याचा हात जुन्या मांडणीवर बसलेला असतो. करू द्या. कन्व्हर्टर वापरलात तर जोडाक्षरं आणि रफार नंतर नीट ऐका, गडबड तिथंच होते.

स्वतः टाइप करायचं असेल तर विंडोजमधलं इनस्क्रिप्ट शिका. मोबाइलवर बोलून टाइप करायचं आणि ते वर्डमध्ये चिकटवायचं, हा मार्ग मला पटत नाही. चिकटवलेलं तपासायला अक्षर न् अक्षर ऐकावंच लागतं, मग वाचलं काय? इनस्क्रिप्ट आपल्या सोयीचं आहे. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, पण टाइप अक्षरानंतरच होते, जशी उच्चारात येते तशी. शिवाय ती एफच्या कळीवर आहे आणि र जेवर. या दोन्ही कळांवर बोटाला लागणारे उंचवटे असतात.

याच्या उलटा गोंधळ म्हणजे फाइल युनिकोड आहे, पण मराठी ओळींवर एनव्हीडीए गप्प. फाइल रिकामी नसते. नव्या विंडोजवर एनव्हीडीए सुरुवातीला विंडोजचाच आवाज घेतो, आणि तो नुसता इंग्रजीचा असेल तर देवनागरी त्याला झेपत नाही. एनव्हीडीए + कंट्रोल + एस दाबून ईस्पीक हा दुसरा आवाज निवडा, त्यात मराठी आहे. आवाज यंत्रासारखा आहे, मान्य, पण "श" की "ष" ते बाणानं अक्षर ऐकून कळतं.

स्पेसबारनं सजावट

"विषय" मधोमध आणायला वीस वेळा स्पेस, नवीन पानावर जायला एंटरवर एंटर. आपण ओळ ऐकतो तेव्हा त्या स्पेस ऐकू येत नाहीत, म्हणून वाटतं सगळं ठीक आहे. कागद हातात घेणाऱ्याला मात्र तिरपागडा अर्ज दिसतो, आणि मग टेबलापलीकडचा माणूस म्हणतो, "दुसऱ्याकडून लिहून आणा." हे ऐकून घ्यायची काही गरज नाही. मधोमधसाठी कंट्रोल + ई, डावीकडे कंट्रोल + एल, उजवीकडे कंट्रोल + आर, नवीन पान कंट्रोल + एंटर. एनव्हीडीए + एफ दाबलं की फाँट, आकार, ओळ कुठं लावलीय, सगळं सांगतो. हे तो न विचारता सांगत नाही, म्हणून प्रिंटआधी मी प्रत्येक परिच्छेदावर थांबून विचारतो.

आणखी काही, थोडक्यात

पहिल्याच दिवशी आवाजाचा वेग वाढवू नका. जुनी माणसं भरधाव ऐकतात म्हणून तुम्हालाही जमेल असं नाही.

टाइपच होत नाही? एनव्हीडीए + 1 नं सुरू केलेली कीबोर्ड मदत (यात कळा फक्त आपलं नाव सांगतात) बंद करायची राहिली असेल, किंवा ब्राउझ मोड (टाइप न करता नुसतं वाचत फिरायची पद्धत) चालू असेल. ब्राउझ मोड बंद करायला एनव्हीडीए + स्पेस.

दोन आवाज एकाच वेळी बोलत असतील तर विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर, नॅरेटर, चालू झालाय. कंट्रोल + विंडोज + एंटर.

शिकताना टाइप केलेल्या अक्षराचा आवाज बंद ठेवू नका. एनव्हीडीए + 2.

लाइट कधी जाईल याचा नेम नाही आणि प्रत्येकाकडे यूपीएस नसतो. वर्ड आपोआप जे राखून ठेवतो ते मुळात दर 10 मिनिटांनी, त्यामुळे प्रत्येक परिच्छेद ऐकून झाला की कंट्रोल + एस. ऐकून झाल्यावर, आधी नाही.

आणि फाइलचं नाव. सेव्ह करताना वर्ड मजकुराची सुरुवातच नाव म्हणून सुचवतो, आणि आपला प्रत्येक अर्ज सुरू होतो "प्रति," नं. एंटर मारून मोकळं होणाऱ्यांच्या फोल्डरमध्ये प्रति, प्रति1, प्रति2 अशी रांग लागते, आणि पीकविम्याचा अर्ज शोधायला सगळ्या उघडाव्या लागतात. एफ12 दाबा, नावाच्या जागी विषय आणि वर्ष लिहा, मग एंटर. जुन्या फाइलवर जाऊन एफ2 दाबलं तरी नाव बदलता येतं, फक्त आधी ती फाइल वर्डमध्ये बंद करा.