नामांकनं यायच्या आत: वर्षातला आपला आवडता गेम ठरवण्याची तयारी

व्हिडिओ गेमांसाठी दरवर्षी होणाऱ्या 'द गेम अवॉर्ड्स'ची नामांकनं साधारण नोव्हेंबरच्या मध्याला जाहीर होतात आणि त्या दिवसापासून गेम खेळणाऱ्यांच्या सगळ्या गप्पा 'वर्षाचा गेम' या मुख्य पुरस्काराच्या सहा नावांभोवती फिरायला लागतात. म्हणून तयारीतली पहिली गोष्ट तारखेची. आपली यादी त्याच्या आधी कागदावर उतरलेली हवी. ती सहा नावं एकदा वाचली की सातवं आठवत नाही, आठवलं तरी उगाच चुकल्यासारखं वाटतं. 2025 च्या सहांत 'क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पेडिशन 33', 'हेडीस 2', 'हॉलो नाइट: सिल्कसाँग', 'किंगडम कम: डिलिव्हरन्स 2', 'डेथ स्ट्रँडिंग 2' आणि 'डाँकी काँग बनान्झा' होते. माझ्या मते त्या वर्षीचा सगळ्यात भारी गेम त्यांत नव्हताच. त्याच्याकडे येतोच.

यादी आठवणीतून करू नका. ऑक्टोबरात खेळलेला गेम डोक्यात ताजा असतो आणि फेब्रुवारीतला पुसट झालेला असतो. 'किंगडम कम 2' 4 फेब्रुवारीला आला होता हे दिवाळीपर्यंत कुणाच्या लक्षात राहतं? स्टीमच्या (कॉम्प्युटरवरचे गेम विकणाऱ्या दुकानाच्या) लायब्ररीत गेम शेवटचे कधी खेळले त्या क्रमाने लावता येतात. प्लेस्टेशनवर गेममध्ये टप्पे गाठल्यावर मिळणाऱ्या ट्रॉफीसमोर तारीख असते. फोनवरचे गेम लोक हमखास विसरतात, तेही घ्या. कंपन्या वर्षअखेरीला 'तुमचं वर्ष असं गेलं' म्हणून रंगीत आढावा पाठवतात, पण तो डिसेंबरात येतो. या कामाला त्याचा उपयोग नाही. लायब्ररीतच त्या वर्षाच्या नावाचं एक कलेक्शन करून ठेवलं आणि नवा गेम घेतला की त्यात टाकला, तर नोव्हेंबरात शोधाशोध करावी लागत नाही.

मग पात्रता. कुठला गेम कुठल्या वर्षाचा, हे वाटतं तितकं सरळ नाही. 'बाल्डर्स गेट 3' अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे अपुरा असतानाच विक्रीला ठेवलेल्या रूपात, ऑक्टोबर 2020 पासून खेळता येत होता, पण पूर्ण गेम ऑगस्ट 2023 मध्ये आला आणि पुरस्कार 2023 चा मिळाला. 'हेडीस 2' चंही तसंच: मे 2024 मध्ये अर्ली अ‍ॅक्सेस, सप्टेंबर 2025 मध्ये पूर्ण. मी पूर्ण आवृत्तीची तारीख धरतो. डीएलसीवर, म्हणजे आधीच्या गेमला नंतर जोडलेल्या भागावर, मात्र भांडणं होतात. 2024 मध्ये 'एल्डन रिंग'चा 'शॅडो ऑफ द अर्डट्री' थेट मुख्य पुरस्काराच्या सहांत आला तेव्हा बरीच मंडळी चिडली होती, आणि मीही त्यांच्याच बाजूचा. त्या डीएलसीत पाऊल टाकायलाच आधी मूळ गेममधले राडान आणि मोग हे दोन बॉस, म्हणजे टप्प्याच्या शेवटचे मोठे शत्रू, मारावे लागतात. दोन वर्षं आधी गौरवलेल्या गेमच्या खांद्यावर उभं राहिलेल्या गोष्टीला नव्या गेमांच्या रांगेत कसं बसवायचं? डीएलसीला वेगळा रकाना द्या. तुमचं मत वेगळं असेल तर तसं ठरवा, पण वर्षाच्या सुरुवातीला ठरवा. आवडता डीएलसी आल्यावर नियम बदलायचा नाही.

नोंदी हा या तयारीतला खरा भाग. गेम संपला, किंवा तुम्ही सोडला, की त्याच रात्री दोन ओळी लिहायच्या. 'ग्राफिक्स कडक, स्टोरी मस्त' असल्या नाहीत. तीन महिन्यांनी त्यातून काहीही कळत नाही. हातांनी काय केलं आणि त्या वेळी काय वाटलं, ते लिहा. 'एक्स्पेडिशन 33'बद्दलची माझी नोंद पॅरीची, म्हणजे शत्रूचा वार नेमक्या क्षणी परतवण्याची आहे. लढाई पाळीपाळीची, म्हणजे एरवी शत्रूच्या पाळीला आपण चहाचा घोट घ्यायचा. इथे तो तलवार उचलतो, हवेत थांबवतो, आपण घाई करून बटण दाबतो आणि मार खातो. पुढच्या वेळी श्वास रोखून थांबायचं, पात्याच्या शेवटच्या झेपेला बटण दाबायचं. मालिकेतले सगळे वार असे परतवले की आपलं पात्र फिरून जो टोला देतं, त्याच्यासाठी पुन्हा पुन्हा तीच लढाई खेळावीशी वाटते. 'बलाट्रो'ची नोंद एकाच ओळीची: 'आकड्याला आग लागली.' पत्त्यांचा एकच हात लावून त्या फेरीला लागणारे गुण पार झाले की पडद्यावरच्या गुणांतून ज्वाळा निघतात, आणि आपण 'आता झोपू' म्हणता म्हणता पुढची फेरी सुरू करतो. हा गेम एकट्या माणसाने केलेला आहे, फोनवरही चालतो, आणि 2024 च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये तीन पुरस्कार घेऊन गेला.

आता तो राहिलेला गेम. 'ब्लू प्रिन्स', एप्रिल 2025. पाच बाय नऊच्या चौकटीत बसणारं 45 खोल्यांचं घर आणि शोधायची आहे ती 46 वी खोली. प्रत्येक दार उघडताना तीन खोल्यांचे पर्याय समोर येतात, त्यातली एक निवडून आपणच घर मांडत जायचं. पावलं मोजकी असतात. संपली की दिवस संपला, आणि दुसऱ्या दिवशी घर पुन्हा कोरं. यातल्या कोड्यांच्या खुणा गेम स्वतः लिहून ठेवत नाही, त्या आपणच टिपायच्या. माझ्या वहीत भिंतीवरच्या चित्रांच्या जोड्या, तिजोरीच्या आकड्यांचे तर्क आणि 'हे पत्र पुन्हा वाच' अशा सूचना भरल्या आहेत, आणि अधल्यामधल्या पानांवर किराण्याची यादीही आहे. नशीब कधी कधी इतकं छळतं की हवी ती खोली येतच नाही. ही तक्रार खरी आहे आणि नोंदीत ती ठळक लिहिलेली आहे. तरी माझा 2025 चा गेम हाच. इंडी, म्हणजे छोट्या स्वतंत्र निर्मात्यांच्या गटात त्याला 'द गेम अवॉर्ड्स'ची नामांकनं मिळाली, मुख्य सहांत नाही. नामांकनं वाचून मग यादी करायला बसलो असतो तर मीही बहुधा 'एक्स्पेडिशन'च लिहिला असता.

तासांचा आकडा पाहून भुलू नका. ज्या गेममध्ये रोज मित्रांबरोबर दोन मॅच होतात त्याचे तास ढीगभर दिसणारच. ते प्रेम मित्रांवरचं किती आणि गेमवरचं किती, हे एकदा मनाशी पाहावं. पैशांचंही तेच. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या गेमबद्दल आपण 'पदरी पडलं, पवित्र झालं' म्हणून चांगलंच बोलतो. किंमत नोंदीत लिहूच नका.

गेम कुठे खेळला आणि कुठल्या पॅचवर, म्हणजे नंतर आलेल्या कुठल्या दुरुस्तीवर, हे मात्र जरूर लिहा. जुन्या लॅपटॉपवर पंखा भणाणत असताना, फ्रेम अडखळत असताना खेळलेला गेम मनात वाईटच बसतो. यातली काही चूक गेमची असते, काही आपल्या ग्राफिक्स कार्डची. शक्य असेल तर एक-दोन तास मित्राच्या मशीनवर खेळून पाहा. 'सिल्कसाँग' 4 सप्टेंबर 2025 ला आला आणि थोड्याच दिवसांत पॅचमधून सुरुवातीचे मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे बॉस सौम्य केले गेले. पहिल्या आठवड्यात हात दुखेपर्यंत खेळलेला माणूस आणि नोव्हेंबरात सुरू केलेला माणूस एकाच गेमबद्दल बोलत नसतात. 'सायबरपंक 2077' तर डिसेंबर 2020 मध्ये मोडक्या अवस्थेत आला आणि 2023 मध्ये त्यालाच सतत सुधारत राहिलेल्या गेमचा पुरस्कार मिळाला.

दिवाळीची सुट्टी राहिलेले गेम पुरे करायला वापरा. सगळे नाही होणार. जे तुमच्या पहिल्या पाचात येऊ शकतील असं वाटतं तेवढेच घ्या, बाकीचे बिनदिक्कत सोडा. शेवटपर्यंत जाणं सक्तीचं नाही, पण न खेळलेला गेम यादीत घ्यायचा नाही, यूट्यूबवर कितीही तास पाहिला असला तरी. खर्च वाचवायचा असेल तर 'एक्स्पेडिशन 33' आणि 'सिल्कसाँग' दोन्ही पहिल्या दिवसापासून गेम पासवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीच्या सेवेवर होते, आणि स्टीमवर विकत घेतलेला गेम 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत करता येतो.

आपल्याकडचे गेम या टप्प्यावर मुद्दाम पाहा, एरवी ते नजरेतून सुटतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' 2020 मध्ये 'द गेम अवॉर्ड्स'च्या पदार्पणाच्या गटात नामांकनात होता. त्यातल्या भिंतींवरची चित्रं आणि छायाबाहुल्यांनी सांगितलेली गोष्ट पाहत राहावी अशी आहे. मारामारी मात्र लवकर एकसुरी होते. कॅनडात राहणाऱ्या तमिळ कुटुंबाच्या स्वयंपाकघरावरचा 'वेन्बा' 2024 मध्ये बाफ्टा या ब्रिटिश संस्थेचा पदार्पणाचा पुरस्कार घेऊन गेला. खेळून पाहा म्हणतो, जास्तीचे गुण द्या म्हणत नाही. पुण्याचा म्हणून 'राजी'ला मी पहिल्या पाचात बसवलं नव्हतं.

आपलं मत कुठल्या पुरस्काराला द्यायचं आहे तेही समजून घ्या. 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये परीक्षकांच्या मताचं वजन 90 टक्के आणि लोकांचं 10 टक्के. फक्त 'प्लेअर्स व्हॉइस' सर्वस्वी लोकांचा. 1983 पासूनच्या गोल्डन जॉयस्टिकमध्ये भर लोकांच्या मतांवर असतो, तर गेम डेव्हलपर्स चॉइसमध्ये कौल गेम बनवणाऱ्यांचा. एकट्या 2024 च्या गेमांसाठी या तिघांनी अनुक्रमे 'अ‍ॅस्ट्रो बॉट', 'ब्लॅक मिथ: वुकाँग' आणि 'बलाट्रो' अशी तीन वेगळी नावं दिली. स्टीम अवॉर्ड्समध्ये तर 2023 साठी नावीन्याचा मान 'स्टारफील्ड'ला मिळाला. तिथे लोक टवाळी म्हणूनही मत देतात, तेव्हा ते फार मनावर घेऊ नका. निर्मितीत काय वापरलं, याबद्दल तुमची काही अट असेल तर तीही आधीच लिहा: 'इंडी गेम अवॉर्ड्स'नी डिसेंबर 2025 मध्ये जनरेटिव्ह एआयच्या कारणावरून 'एक्स्पेडिशन 33'ला दिलेले पुरस्कार काढून घेतले आणि वर्षाचा गेम म्हणून 'ब्लू प्रिन्स'चं नाव आलं. मला याचा आनंद झाला असं म्हणवत नाही. जिंकायचं तर खेळाच्या जोरावर जिंकायला हवं होतं.

क्रम लावताना एकदम पाचाचा विचार करू नका. दोन-दोन गेम समोरासमोर ठेवा आणि एवढंच विचारा: आज रात्री मोकळा वेळ मिळाला तर कुठला उघडाल? जिंकलेला पुढे सरकतो. बरोबरी झाली तर नोंदवही उघडा. ज्याची नोंद जास्त नेमकी, तो वर. पहिल्या तिघांसाठी प्रत्येकी तीन वाक्यांचं समर्थन लिहा, कारण ग्रुपवर कुणीतरी 'हा? खरंच?' असं विचारणारच आणि तेव्हा उचलली जीभ लावली टाळ्याला असं व्हायला नको. यादी नामांकनांच्या आदल्या दिवशी ग्रुपवर टाका म्हणजे तारखेसकट नोंद राहते. मग मतं द्या. सोहळा लॉस एंजेलिसला गुरुवारी संध्याकाळी असतो, म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी सकाळी सहाच्या सुमारास. ऑफिसची मिटिंग त्या सकाळी दहाच्या आधी ठेवू नका.

आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नवी वही, किंवा नवं कलेक्शन, सुरू करा. पात्रतेची मुदत तोपर्यंत संपलेली असते आणि डिसेंबरात आलेले गेम पुढच्या वर्षात जातात. 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' 7 डिसेंबर 2018 ला आला आणि नामांकनात दिसला तो 2019 मध्ये. 4 डिसेंबर 2025 ला आलेला 'मेट्रॉइड प्राइम 4' तुम्ही खेळला असेल, तर त्याच्या दोन ओळी 2026 च्या वहीत पहिल्या पानावर जातील.