परकराच्या नाडीचा वळ : आपल्या शरीराचे फोटो आपणच कसे काढायचे

सुरुवात चेहऱ्यापासून करू नका. चेहरा समोर आला की आपण लगेच हसतो, मान तिरकी करतो, पोट आत घेतो, इतकी वर्षं लग्नाकार्यात ग्रुप फोटोला उभं राहून जी सवय लागलीय ती सुटत नाही आणि मग फोटो दुसऱ्यासाठी काढल्यासारखाच येतो. त्यापेक्षा अंगाचा असा एखादा भाग घ्या ज्याचं कुणी कधी कौतुक केलेलं नाही पण ज्याच्यावर तुमचं आयुष्य उमटलंय. सिझेरियनचा टाका, कुकरच्या वाफेने भाजलेलं मनगट, टाचेच्या भेगा, काहीही.

माझ्यासाठी तो कमरेवरचा वळ होता. परकराच्या नाडीचा. पंचवीस वर्षं रोज साडी नेसतेय, उजव्या बाजूला गाठ येते तिथली कातडी काळपट आणि जरा जाड झालीय, बोट फिरवलं की खरखरीत लागतं. रोज अंघोळीला हात तिथून जातो पण मी तो वळ नीट कधी बघितलाच नव्हता, कारण आरशासमोर आपण उभ्या राहतो ते पदर सरळ करायला, केस सारखे करायला, म्हणजे काय चुकलंय ते शोधायला. कॅमेऱ्यासमोर तसं काही दुरुस्त करायचं नसतं, नुसतं बघायचं असतं, आणि मला वाटतं बायकांना स्वतःकडे असं बघायची संधी फार कमी मिळते.

आता उजेडाचं, कारण सगळं त्याच्यावर आहे. ट्यूबलाइट बंद करा, फ्लॅश तर नकोच. समोरून उजेड पडला की कातडी सपाट दिसते, वळ गायब. आमचं घर बडोद्याला दांडिया बाजारात, जुनं, खिडकीला लाकडी झडपा आहेत, त्यातली एक लावून घेतली आणि एक अर्धी उघडी ठेवली की सकाळी आठ-साडेआठला उजेडाची एक पट्टी आडवी येते. मी खिडकीला काटकोनात उभी राहिले आणि त्या फोटोतच पुढे दिसलं की तो वळ म्हणजे एक रेघ नाहीये, तीन-चार बारीक रेघा आहेत दोरीच्या पिळासारख्या, आणि गाठीच्या जागी बोराएवढा खोलगट डाग. आडव्या उजेडात बारीकशा उंचवट्याचीही सावली पडते, म्हणून टाके, सुरकुत्या, स्ट्रेच मार्क्स सगळं याच उजेडात काढायचं. बडोद्याच्या मे महिन्यात हे सकाळी लवकर उरका, नंतर उजेड फार कडक होतो. पावसाळ्यात ढग असले की उजेड मऊ असतो, तेव्हा दिवसभर काढा पण सावल्या कमी मिळतील.

एक महत्त्वाचं सांगायचं राहिलं, नाडीच्या जागी कधी न भरणारी जखम दिसली तर फोटो राहू दे, आधी डॉक्टरकडे जा. २०२४ मध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्कर बायकांबद्दल लिहिलं होतं, वर्षानुवर्षं घट्ट नाडीने घासून जखम झाली आणि तिथे कातडीचा कॅन्सर निघाला. असं क्वचितच होतं, पण नाडी सैल बांधा, रुंद पट्टीचा परकर घाला.

फोन कसा ठेवायचा : मागचा कॅमेरा वापरा, सेल्फीचा नको. आधी लेन्स सुती कापडाने पुसा, बोटांचं तेल असतं. स्टुलावर तांदळाचा डबा, त्याला फोन टेकवा, टायमर १० सेकंद. आपण जिथे उभ्या राहणार तिथे आधी एक खुर्ची ठेवा, स्क्रीनवर तिच्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस लॉक होतो, मग खुर्ची काढून तिथेच उभ्या राहा. उजेडाचं चिन्ह येतं ते किंचित खाली ओढा, नाहीतर कातडी पांढरी फटक येते. फार जवळून काढू नका, लेन्स वाइड असते त्यामुळे जवळचा भाग उगाच फुगतो, दीड-दोन मीटर लांब ठेवून फोनमध्ये २एक्स झूम असेल तर तो लावा. आणि ब्यूटी मोड बंद आहे ना बघा, काही फोनमध्ये तो आधीपासून चालूच असतो आणि नेमकं जे बघायचंय तेच पुसून टाकतो.

कपडे काढायलाच पाहिजेत का? अजिबात नाही. क्युबात जन्मलेल्या कलाकार आना मेंडिएटांनी १९७३ पासून मेक्सिकोत आणि अमेरिकेतल्या आयोवात मातीत, वाळूत, गवतात आपल्या शरीराचा आकार उमटवून त्याचे फोटो काढले, बऱ्याच फोटोंत त्या स्वतः नाहीतच, नुसता ठसा. सकाळी उठल्यावर गादीवर पडलेला खळगा, फरशीवरची ओली पावलं, उतरवून ठेवलेल्या बांगड्यांचा हातावरचा वळ, इथूनही सुरुवात होते.

चेहरा घ्यायचाच असेल तर फ्रान्सेस्का वुडमनची रीत करून बघा. ही अमेरिकन फोटोग्राफर मुलगी २२व्या वर्षी, १९८१ मध्ये गेली, पण तेवढ्यात तिने पडक्या घरांत स्वतःचे कितीतरी फोटो काढले, शटर बराच वेळ उघडं ठेवून मध्येच हलायची, त्यामुळे भिंत स्पष्ट आणि ती धुक्यासारखी. फोनच्या प्रो मोडमध्ये आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ५० किंवा १००, शटर १ सेकंद, आणि वेळ दिवेलागणीची, कारण भर उजेडात सगळं पांढरं होईल. मी झोपाळ्यावर बसून काढला, मागची भिंत आणि कोनाडा जागच्या जागी, मी आणि कड्या पुसट. दहा-पंधरा फोटोंत एखादा जमतो, नेट धरा.

अजून एक अभ्यास, आणि हा फक्त बडोदेकरांनाच इतका सोपा आहे. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात फत्तेसिंग म्युझियममध्ये रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, कागद-पेन्सिल घेऊन जा आणि एका चित्रातल्या बाईची फक्त उभं राहायची पद्धत उतरवून आणा, मान कुठे, वजन कुठल्या पायावर, बोटं कशी. घरी येऊन तश्शा पाच मिनिटं उभ्या राहा आणि मग फोटो काढा. माझी मान दुसऱ्याच मिनिटाला आखडली. बडोद्याच्या आपल्याच फाइन आर्ट्स फॅकल्टीत शिल्पकला शिकलेल्या कलाकार पुष्पमाला एन. यांनी २००० ते २००४ मध्ये फोटोग्राफर क्लेअर आर्नी यांच्याबरोबर हे फार मोठ्या प्रमाणावर केलंय, कॅलेंडरवरून घराघरात गेलेली रविवर्म्याची लक्ष्मी त्या स्वतः झाल्या, साडी, दागिने, मागचा पडदा सगळं उभं करून. ते फोटो बघताना मला पहिल्यांदा कळलं की चित्रातली बाई सुंदर दिसायला किती ताठ राहते.

जो स्पेन्सची गोष्ट मात्र मी सगळ्यांना सांगते. लंडनची ही फोटोग्राफर, १९८२ मध्ये तिला स्तनाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशनच्या आधी तिने स्तनावर लिहिलं, ही जो स्पेन्सची मालमत्ता का? प्रश्नचिन्हासकट. आणि तसा फोटो काढून घेतला. माझ्या ऑपरेशनच्या वेळी एका दवाखान्यात मला न विचारता चार-पाच शिकाऊ डॉक्टर पडद्याआत आणले होते, मी भिंतीकडे बघत पडून राहिले. तेव्हा मला जो स्पेन्स माहीत असती तर निदान तोंडाने "थांबा" तरी म्हटलं असतं.

फोटो सांभाळायचं आता. काढायच्या आधी बॅकअप बंद करा, माझा एक फोटो मुलाच्या टॅबवर जाऊन बसला होता कारण अकाउंट एकच. कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करा. गूगल फोटोजच्या लॉक्ड फोल्डरमध्ये ठेवले तर एक कॉपी पेनड्राइव्हवर घ्या, बॅकअप नसेल आणि ॲप काढून टाकलं तर फोटो जातात. व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नका, अगदी जिवाभावाच्या मैत्रिणीलाही नको, समोर बसवून दाखवा. संमतीशिवाय कुणाच्या खाजगी भागाचा फोटो काढला किंवा पसरवला तर आयटी कायद्याच्या कलम ६६ई खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर नाव न देताही अशी तक्रार करता येते, हे लक्षात असू द्या.

काढल्या काढल्या डिलीट करू नका, आठ दिवस थांबा. पहिल्या दिवशी मला फक्त सुटलेलं पोट दिसत होतं, आठव्या दिवशी त्या रेघा दिसल्या. मग महिन्यातून एकदा तीच खिडकी, तीच वेळ.

आईने तो फोटो बघितला तेव्हा काही बोलली नाही, आत जाऊन चष्मा घेऊन आली, परत बघितला आणि म्हणाली, "माझा याहून खोल आहे गं, काढ." वयस्कर माणसाचा काढताना खुर्चीवर बसवा, पाठीला उशी द्या, प्रत्येक फोटोच्या आधी "आता काढतेय" असं सांगा, आणि फोटो आधी त्यांना दाखवा, मग तुम्ही बघा. आईने तीन फोटोंतले दोन ठेवले, तिसरा पुसायला सांगितला. पुसला.