जुन्या मोटरसायकलला नवे फोर्क आणि नवी चाकं बसवताना

जुन्या मोटरसायकलचे पुढचे फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन पाय, बहुधा ३३ ते ३६ मिलिमीटर जाडीच्या पाइपांचे असतात. १९६९ सालच्या होंडा सीबी ७५० सारख्या त्या काळच्या दांडग्या गाडीलाही ३५ मिलिमीटरचेच होते. आजच्या स्पोर्ट्स बाइकचे उलटे फोर्क खाली ४१-४३ आणि वर, पकडीच्या जागी, ५० मिलिमीटरच्या पुढे जातात. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की हात शिवशिवतात, हे कबूल. पण या कामात जाडीला शेवटचा मान आहे. पहिला मान मोजपट्टीला.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: गाडीत नेमकं काय खटकतंय? ब्रेक दाबला की पुढचा भाग खड्ड्यात गेल्यासारखा खाली बसतो, खडबडीत रस्त्यावर हँडल हातात थरथरतं, इतकीच तक्रार असेल तर फोर्क बदलायची गरज नसू शकते. जुन्या फोर्कमध्ये तेल ठरावीक भोकांतून ढकललं जातं. गती दुप्पट झाली की भोकाचा विरोध जवळजवळ चौपट होतो. म्हणून हा फोर्क संथ हालचालीत ढिला आणि झटक्यात ताठ वागतो. आजच्या कार्ट्रिज फोर्कमध्ये पातळ चकत्यांची चळत तेलाच्या दाबाने वाकते आणि वाट मोकळी करते. जुन्या फोर्कमध्ये बसणारे तयार व्हॉल्व्ह, वजनाला साजेशा स्प्रिंगा आणि नवं तेल घातलं तर निम्म्याहून अधिक फरक तिथेच पडतो, आणि गाडीचं रूप शाबूत राहतं. १८ इंची चाकांसाठीही आज चांगले टायर मिळतात. हे सगळं करूनही पुढे जायचं असेल, तर चला.

आधी गाडी मोजा

गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी करा आणि नेहमीच्या पोशाखात कुणाला तरी बसवा. स्वार बसल्यावर गाडी जितकी दबते, त्या स्थितीतली मापं खरी. हेडपाइपचा, म्हणजे हँडलचा दांडा ज्या नळीतून जातो तिचा, उभ्या रेषेशी होणारा कोन मोजा. हा रेक. हेडपाइपला चिकटवायचं कोनमापक असेल तर उत्तम, नाहीतर ओळंबा आणि शाळेतला साधा कोनमापक पुरतो.

मग ऑफसेट: दांड्याच्या मध्यापासून दोन फोर्कच्या मध्यरेषेपर्यंतचं अंतर. एक्सल फोर्कच्या पुढे सरकवलेला असेल तर ते अंतरही यात मिळवायचं. शिवाय हेडपाइपची लांबी, कोनसेटच्या, म्हणजे हँडलच्या दांड्याच्या बेअरिंगच्या, वाट्या बसतात त्या जागेचा आतला व्यास, एक्सलच्या मध्यापासून खालच्या टीपर्यंतचं (टी म्हणजे दोन्ही फोर्क धरून ठेवणारा आडवा तुकडा; एक वर, एक खाली) अंतर आणि टायरची खरी त्रिज्या. सगळं वहीत लिहा. गाडी सुटी झाल्यावर ही मापं परत मिळत नाहीत.

खरं घोडं पेंड खातं ते ट्रेलपाशी. हँडलच्या दांड्याची रेषा कल्पनेने जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे पडते. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. चाक आपसूक सरळ राहतं ते मुख्यतः याच्या जोरावर. ट्रेल फार कमी झाला तर गाडी बावचळते, फार वाढला तर वळायला जड होते. हिशेब असा: त्रिज्येला रेकच्या साइनने गुणा, त्यातून ऑफसेट वजा करा, आलेल्या उत्तराला रेकच्या कोसाइनने भागा.

एक उदाहरण घेऊ. १००/९०-१९ टायर (रुंदी १०० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम १९ इंची), त्रिज्या ३३१ मिलिमीटर, रेक २७ अंश, ऑफसेट ६०. ट्रेल येतो सुमारे १०१ मिलिमीटर. आता स्पोर्ट्स बाइकच्या ३० मिलिमीटर ऑफसेटच्या टी आणल्या आणि चाक जुनंच ठेवलं, तर ट्रेल १३५ होतो. हँडल फिरवताना खांदे दुखतील. उलट टी जुन्याच ठेवून १२०/७०-१७ चं, ३०० मिलिमीटर त्रिज्येचं चाक घातलं तर ट्रेल ८५ वर घसरतो. टी आणि चाक दोन्ही नवीन घेतली तर ११९. याचबरोबर गाडीचा पुढचा भाग ५० मिलिमीटर खाली आला, तर १४०० मिलिमीटरच्या व्हीलबेसवर (दोन्ही चाकांच्या एक्सलमधलं अंतर) रेक साधारण २ अंशांनी कमी होऊन २५ होतो आणि ट्रेल १०७ वर येतो, म्हणजे मूळच्या जवळपास. चाक लहान झाल्यानेच पुढचा भाग ३१ मिलिमीटर उतरतो, उरलेलं आखूड फोर्क करतात.

पण कागदावर जमलं म्हणून लगेच टाळ्या वाजवू नका. ५० मिलिमीटर उतरलेल्या गाडीचे सायलेन्सर आणि पायदान वळणात रस्त्याला घासतात. शिवाय मागचं चाकही लहान केलं की मागची बाजू उतरते आणि रेक पुन्हा वाढतो. हिशेब दोन्ही चाकं धरूनच करायचा. माझं स्वतःचं मत विचाराल तर जुन्या गाडीला ४१ किंवा ४३ मिलिमीटरचे सरळ फोर्क उलट्यांपेक्षा बरे. ते लांबीला सहसा जास्त असतात, पकड अरुंद असते, आणि डोळ्यालाही खुपत नाहीत.

सुटे भाग नको, अख्खा संच घ्या

फोर्क एकीकडून, चाक दुसरीकडून, कॅलिपर (डिस्कला चिमटीत पकडणारा ब्रेकचा भाग) तिसरीकडून असं जमवायला गेलात तर खरादीच्या दारात चपला झिजतील. एकाच गाडीचे फोर्क, दोन्ही टी, एक्सल, स्पेसर, चाक, डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर (लिव्हर दाबल्यावर ब्रेकचं तेल ढकलणारा) आणि मडगार्ड घ्या. पैशांपेक्षा वेळ वाचतो. फोर्क पाइप जाड काचेवर लोळवून पाहा. पाइपाखाली कुठे उजेड उघडझाप करताना दिसला तर पाइप वाकलाय, तो परत करा. खालच्या टीवर, हँडलला ठरावीक कोनापुढे वळू न देणाऱ्या स्टॉपच्या जागेजवळ, केसासारखी तडही शोधा. पडलेल्या गाडीची खूण तिथेच सापडते.

दांडा आणि कोनसेट

नव्या टीचा दांडा जुन्या हेडपाइपात जसाच्या तसा बसला तर ते नशीब समजा. बहुधा तीनपैकी एक वाट धरावी लागते.

सोपी वाट बेअरिंगची. आतला व्यास नव्या दांड्याचा आणि बाहेरचा व्यास जुन्या फ्रेमचा, असं टेपर रोलर (निमुळत्या रोलरांचं) बेअरिंग मिळतं का ते तक्त्यात शोधायचं. जाडीही तपासा, कारण जुन्या गोळ्यांच्या कोनसेटपेक्षा टेपर बेअरिंगची उंची वेगळी असते आणि त्याने दांड्याची लांबी अपुरी पडू शकते. लांब दांडा स्पेसर घालून निभावतो, आखूड दांड्याला इलाज नाही.

दुसरी वाट, जुना दांडा काढून नव्या खालच्या टीत दाबून बसवायचा. नवी टी बहुधा ॲल्युमिनियमची असते. दांडा काढताना टीला दांड्याच्या अगदी लगत, सगळीकडून आधार द्या आणि प्रेसवर काढा. हातोड्याने ठोकलात तर टी वाकेल, आणि वाकलेली टी नजरेला सहसा दिसत नाही. तिसरी वाट, नवा दांडा खरादीकडून बनवून घेणं. दांडा घट्ट बसणं हेच इथे सर्वस्व आहे. ढिला दांडा वेल्डिंगने अडकवायचा विचारही मनात आणू नका. ज्याला दाबून बसवायच्या भागांचं माप शंभरांश मिलिमीटरमध्ये समजतं, अशाच माणसाकडे हे काम द्या.

कोनसेट कसताना चाक अधांतरी ठेवा. हँडलला किंचित धक्का दिला की ते आपल्या वजनाने हळूच बाजूला पडलं पाहिजे. फोर्क धरून पुढे-मागे हलवल्यावर खटखट होता कामा नये.

मग स्टॉप. जाड फोर्क आणि रुंद टी यामुळे हँडल पूर्ण वळवलं की फोर्क टाकीला भिडतो. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा स्टॉप नंतर बघू म्हणून सोडले. गाडी ढकलत मागे घेताना हँडल वळलं, आणि ताज्या रंगाच्या टाकीला दोन्ही बाजूंनी सारखे दोन पोचे पडले. सममिती मात्र छान साधली होती. स्टॉप आधी बनवा, टाकी नंतर चढवा.

पुढचं चाक

संच पूर्ण असेल तर इथे फारसं काही उरत नाही. जुना हब (चाकाचा मधला भाग) किंवा आऱ्यांचं चाक नव्या फोर्कमध्ये घालायचं असेल तर मात्र एक्सलचा प्रश्न येतो. जुन्या एक्सलची जाडी कमी, नव्या पोकळ एक्सलची २० ते २५ मिलिमीटर. एक युक्ती उपयोगी पडते: ६३०३, ६२०४ आणि ६००५ या तिन्ही बेअरिंगांचा बाहेरचा व्यास ४७ मिलिमीटरच आहे, आतला मात्र अनुक्रमे १७, २० आणि २५. हबचं घर ४७ चं असेल तर खराद न लावता एक्सल बदलता येतो. ६००५ ची जाडी १२, बाकी दोन्हींची १४, तेवढा फरक स्पेसरने भरा. दोन बेअरिंगांच्या मधली नळीही नवी लागते. ती जराशी जरी आखूड पडली तरी एक्सल कसताच बेअरिंगच्या आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात आणि बेअरिंग थोड्याच दिवसांत जळतं.

चाक बरोबर मधोमध आहे का, हे रिमच्या कडांपासून दोन्ही फोर्कपर्यंत मोजून बघा. डिस्क कॅलिपरच्या मध्यातून जायला हवी. एक्सल कसल्यावर खालचे चिमटा-बोल्ट लगेच आवळू नका. पुढचा ब्रेक धरून फोर्क चार-पाच वेळा दाबा, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी मोकळे बसतील, मग आवळा. टॉर्क संचाच्या मूळ गाडीच्या पुस्तिकेतला घ्या.

मास्टर सिलिंडर संचातलाच वापरा. एका डिस्कसाठी बनवलेला छोटा जुना मास्टर सिलिंडर चार पिस्टनांच्या दोन कॅलिपरना पुरेसं तेल ढकलू शकत नाही, आणि लिव्हर हँडलला टेकेपर्यंत येतो.

आता सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी तपासणी. फोर्कमधल्या स्प्रिंगा काढा आणि गाडी हळूहळू पूर्ण खाली बसवा. टायर खालच्या टीला, मडगार्डला, एक्झॉस्टला किंवा फ्रेमच्या पुढच्या नळीला टेकतो का? हँडल दोन्हीकडे वळवूनही बघा. इथे जागा नसेल तर रस्त्यावर एखाद्या खड्ड्यात पुढचं चाक अचानक थांबेल.

मागचं चाक आणि साखळी

मागे १८० चा टायर आणि ५.५ इंचाची रिम घालायचा मोह सगळ्यांना होतो. जुन्या चिमट्यात, म्हणजे स्विंगआर्ममध्ये, एवढी जागाच नसते. मग चिमटा कापा, साखळी बाहेर सरकवा, असं शेपूट वाढत जातं. ४.५ इंची रिमवर १६०/६०-१७ पुष्कळ झालं, गाडी वळतेही चपळ. टायर आणि साखळीमध्ये मी ८-१० मिलिमीटर तरी मोकळे ठेवतो, कारण वेगात टायर फुगतो आणि साखळी हेलकावते.

पुढचं स्प्रॉकेट बाहेर सरकवावं लागलं तर ते काही मिलिमीटरपुरतंच ठेवा. ते गिअरबॉक्सच्या बेअरिंगपासून जितकं लांब, तितका शाफ्टवर ताण जास्त. दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आहेत का ते सरळ पट्टी लावून पाहा, चाकं एका रेषेत आहेत का ते लांब दोऱ्याने. चिमट्यावरच्या खुणांवर विसंबू नका, जुन्या गाडीत त्या क्वचितच खऱ्या असतात.

फ्रेमचाही विचार हवा. ताठ फोर्क आणि जास्त पकडीचा टायर ब्रेकचा सगळा जोर सरळ हेडपाइपवर आणतात. पूर्वी त्यातला काही बारीक फोर्क वाकून स्वतःवर घेत. जोडांवरचा रंग खरवडून तडा शोधा आणि गरज असेल तिथे जाणकाराकडून गसेट, म्हणजे जोडाला बळ देणारी पत्र्याची पट्टी, लावून घ्या. चिमट्याचे बुश झिजले असतील तर तेही आत्ताच बदला, नाहीतर गाडी वेगात शेपूट हलवेल आणि दोष नव्या फोर्कला मिळेल.

बारीकसारीक

जुन्या गाडीचा स्पीडोमीटर पुढच्या चाकातून केबलने चालतो. नव्या चाकात ती सोय नसते, सेन्सरवाला मीटर लावा. ब्रेकचे पाइप आणि वायरी हँडल पूर्ण वळवल्यावरही ताणल्या जाऊ नयेत. गाडी खाली आली की साइड स्टँड लांब पडतो आणि ती जवळजवळ सरळ उभी राहते. वाऱ्याची झुळूकही तिला पाडू शकते, म्हणून स्टँड आखूड करून घ्या. असे बदल नोंदणी आणि विम्याला चालतात का, हे काम सुरू करण्याआधी विचारा.

पहिली धाव

स्वार बसल्यावर फोर्क एकूण प्रवासाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने दबला पाहिजे, १२० मिलिमीटर प्रवास असेल तर सुमारे ३५ ते ४०. संचाच्या स्प्रिंगा वेगळ्या वजनाच्या गाडीच्या आहेत, तेव्हा प्रीलोडने (स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवल्याने) भागलं नाही तर स्प्रिंगाच बदला. रिकाम्या मैदानात संथ गतीने आठाचा आकडा काढा, मग ब्रेक हळूहळू जोरात दाबत जा. नवा टायर पहिल्या काही किलोमीटरांत घसरडा असतो, हे विसरू नका. सरळ रस्त्यावर हात हलके ठेवून गाडी एका बाजूला ओढते का बघा. ओढत असेल तर आधी दोरा पुन्हा लावा, मग फोर्क टीमध्ये सारख्या उंचीवर आहेत का ते तपासा.

५० किलोमीटरनंतर टी, एक्सल, कॅलिपर आणि स्प्रॉकेटचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. कोनसेट एव्हाना बसून थोडा ढिला झालेला असेल, तो परत कसून घ्या.