एलियन्स (१९८६) पहिल्यांदा बघणार असाल तर असा बघा

एलियन्स हा अंतराळातल्या जीवघेण्या प्राण्यांचा ॲक्शन-भयपट, 'एलियन' या पिक्चरचा दुसरा भाग. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. पहिल्यांदा बघताना १३७ मिनिटांचं थिएटरवालं व्हर्जन लावा, १५४ मिनिटांचं स्पेशल एडिशन नको. प्ले दाबायच्या आधी रनटाइम बघा, २ तास १७ मिनिटं दिसत असेल तर बरोबर आहे, २ तास ३४ मिनिटं असेल तर ते लांबवालं, ते दुसऱ्या वेळेसाठी बाजूला ठेवा.

आता का ते सांगते, कारण बरेच जण "जास्त सीन म्हणजे जास्त चांगलं" असं धरून थेट लांबवालं लावतात आणि अर्धी भीती तिथेच घालवून बसतात. जेम्स कॅमेरॉनचा हा पिक्चर जुलै १९८६ मध्ये आला तो १३७ मिनिटांचाच, कापलेले सीन परत घालून स्पेशल एडिशन नंतर काढलं. कॅमेरॉनला स्वतःला लांब व्हर्जन आवडतं आणि मलाही आवडतं. पण त्यात काय होतं ना, सुरुवातीलाच एलव्ही-४२६ नावाच्या ग्रहगोलावरची माणसांची वसाहत जिवंत दाखवतात, माणसं कामं करतायत, पोरं पळतायत, एक कुटुंब गाडी घेऊन बाहेर पडतं आणि तिकडे काय सापडतं ते पण आपल्याला दिसतं. थिएटरवाल्यात यातलं काहीच नाही. तिथे आपल्याला फक्त नायिका रिप्लीला माहितीये तेवढंच माहिती असतं. ती अंतराळयानात गोठवलेल्या झोपेत ५७ वर्षं काढून उठलीय, पहिल्या भागातल्या प्राण्याबद्दल ती सांगते ते कोणाला पटत नाही, कंपनीवाले म्हणतात अहो त्या एलव्ही-४२६ वर वीस वर्षांहून जास्त काळ लोक राहतायत, कोणाची काही तक्रार नाही, आणि मग एक दिवस त्यांचा संपर्क तुटतो. बस, एवढंच. मग मरीन्स म्हणजे सैनिकांच्या तुकडीबरोबर आपण पाऊस आणि अंधारात त्या वसाहतीत पहिल्यांदा पाय ठेवतो, आत कोणी नाही, बॅरिकेड लावलेलं, आणि ॲसिडने मजल्यामागून मजला जळत गेलेली भोकं. तिथे नक्की काय झालं असेल याचा अंदाज आपणच बांधत जातो आणि पिक्चरचा पहिला भाग सगळा त्याच अंदाजावर चालतो. ते आधीच दाखवलं की मग ती एक रिकामी बिल्डिंग उरते फक्त.

पहिला भाग, म्हणजे 'एलियन', बघायलाच पाहिजे का? हो, बघाच. रिडली स्कॉटचा, १९७९ चा, ११७ मिनिटांचा आहे. कथा कळायला लागतोच असं नाही, दुसऱ्या भागात थोडक्यात सगळं सांगतात, पण एका जहाजावर सात माणसं आणि एकच प्राणी, त्या एकाने काय केलं हे अंगात भिनलेलं असलं की दुसऱ्या भागात हत्यारं घेऊन हसत खिदळत निघालेले मरीन्स बघताना रिप्लीच्या पोटात जे होतंय ते आपल्याही पोटात होतं. फक्त दोन्ही एकाच रात्री पाठोपाठ लावू नका. पहिला खूप संथ आणि दबका आहे, त्याच मूडमध्ये दुसरा सुरू केला तर हा गोंगाटी वाटेल. मध्ये एखादा दिवस तरी जाऊ द्या. आणि पहिल्यासारखाच असेल ही अपेक्षा ठेवू नका, कॅमेरॉनने मुद्दामच वेगळा केलाय. त्याने यामागे व्हिएतनामचा विचार होता हे उघड सांगितलंय, म्हणजे सगळी टेक्नॉलॉजी हातात असलेली फौज आणि समोर असा शत्रू ज्याच्यापुढे त्या टेक्नॉलॉजीचा काही उपयोग होत नाही.

टीव्हीचं सेटिंग. मोशन स्मूदिंग बंद करा, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते पण मेनूत शोधलं की सापडतं, ते चालू असलं की सिनेमा सिरियलसारखा दिसतो. ब्राइटनेस वाढवू नका, अंधार दिसत नाही म्हणून वाढवायचा मोह होतो पण तो अंधार मुद्दाम आहे, त्यापेक्षा खोलीतले दिवे घालवा. झूम करून स्क्रीन भरायच्या भानगडीत पडू नका, हा १.८५ रेशोचा (रुंदी उंचीच्या १.८५ पट) पिक्चर आहे, वरखाली बारीकशा काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्या. ब्लू-रे की ४के यावर लोक भांडतात. २०२४ च्या ४के मध्ये फिल्मचा ग्रेन, म्हणजे चित्रातले बारीक दाणे, बराच साफ केलाय, माझ्या डोळ्यांना त्यात काही चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसतात आणि मला ग्रेन आवडतो, पण पहिल्या वेळी जे हाताशी असेल ते लावा, यासाठी थांबू नका. फोनवर मात्र नको.

चित्रापेक्षा आवाजावर जास्त लक्ष द्या असं मी प्रत्येकाला सांगते. या पिक्चरला सात ऑस्कर नामांकनं होती आणि मिळाले दोन, एक व्हिज्युअल इफेक्ट्ससाठी आणि एक साउंड इफेक्ट्स एडिटिंगसाठी, आणि तो दुसरा का मिळाला ते मोशन ट्रॅकर पहिल्यांदा वाजला की कळतं. मरीन्सच्या हातात ते एक यंत्र आहे, समोर काही हललं की टिक टिक करतं आणि जे हलतंय ते जवळ येईल तसा त्याचा आवाज चढत जातो. प्राणी दिसत नाही, आवाज येतो. टीव्हीच्या स्पीकरवर तो बाकीच्या गोंधळात बुडतो, म्हणून हेडफोन लावा किंवा साउंडबार असेल तर त्याचा नाइट मोड काढून टाका, कारण नाइट मोड हळू आवाज मोठे करतो आणि मोठे हळू करतो, आणि इथे सगळा खेळच त्या फरकाचा आहे. डब केलेलं नको, मूळ आवाज आणि सबटायटल ठेवा, मरीन्स रेडिओवर एकाच वेळी एकमेकांवर ओरडतात आणि निम्मं सुटून जातं.

पहिला जवळपास तासभर काही "होत" नाहीये असं वाटेल. तिथे मोबाइल हातात घेऊ नका प्लीज. त्या तासात एक काम करायचंय, माणसं ओळखून ठेवायची. सार्जंट अपोन, हिक्स, हडसन, वास्केझ, ड्रेक, नवखा लेफ्टनंट गॉर्मन, बिशप आणि कंपनीचा माणूस बर्क, एवढे चेहरे पक्के झाले पाहिजेत. जेवायच्या टेबलावर सगळे हेल्मेटशिवाय बसतात तो सीन नीट बघा, कारण पुढे हीच माणसं आपल्याला हेल्मेटच्या कॅमेऱ्यातून फुटक्या व्हिडिओत दिसणार आहेत आणि तेव्हा कोण कोणाला हाक मारतंय हे कळलं नाही तर तो सीन नुसता गोंधळ वाटतो. एकमेकांना इतके सरावलेले दिसतात त्याचं कारण आहे, मरीन्सचं काम करणाऱ्यांना शूटिंगआधी खरंखुरं लष्करी ट्रेनिंग दिलं होतं आणि आपापल्या चिलखतावरची चित्रं, लिखाण त्यांनी स्वतःच केलं होतं. रिप्ली, बर्क आणि गॉर्मन करणाऱ्यांना ट्रेनिंगमधून बाहेर ठेवलं, म्हणजे ते तिघं त्या ग्रुपमध्ये उपरेच वाटतील. आणि अपोन करणारा अल मॅथ्यूज तर खऱ्या आयुष्यात मरीन होता, व्हिएतनामला जाऊन आलेला, त्याची ओरडायची पद्धत बघा म्हणजे पटेल.

ज्यांना भीती जास्त वाटते त्यांच्यासाठी: अचानक दचकवणारे सीन आहेत पण त्यापेक्षा त्रास होतो तो शरीराशी संबंधित गोष्टींचा, माणसाच्या शरीरात दुसरं काहीतरी वाढणं वगैरे, आणि एक लहान मुलगी सतत धोक्यात असते. हे नको असेल तर हा पिक्चर तुमच्यासाठी नाही आणि त्यात काही वाईट नाही. लहान मुलांना दाखवू नका, अमेरिकेत याला आर रेटिंग आहे, म्हणजे १७ वर्षांखालच्यांना मोठ्यांसोबतच. मध्ये थांबायचंच असेल तर जिथे परत जायचा रस्ता बंद होतो आणि सगळे पुढे काय करायचं म्हणून उभे राहतात तिथे थांबा, त्यानंतर थांबायला जागा नाही.

इथून पुढे स्पॉयलर आहेत. पहिल्यांदा बघून झाला नसेल तर इथेच थांबा, बघून या, मग वाचा.

बघितलात? मग आता स्पेशल एडिशन. थोडे दिवस जाऊ द्या आणि लावा, आता ते १५४ मिनिटांचं व्हर्जन एकदम वेगळं लागेल. सगळ्यात मोठी भर सुरुवातीलाच आहे. रिप्लीला एक मुलगी होती. अकराव्या वाढदिवसाला घरी येईन असं सांगून ती निघाली होती आणि ५७ वर्षांनी उठते तर बर्क तिच्या हातात एका म्हाताऱ्या बाईचा फोटो देतो, ही तुझी मुलगी, ६६ व्या वर्षी गेली. फोटोतली बाई म्हणजे सिगर्नी वीव्हरची खरी आई, एलिझाबेथ इंग्लिस. हा एक सीन डोक्यात ठेवून पुढचा पिक्चर बघा. न्यूट सापडल्यावर रिप्ली तिचं तोंड पुसते, तिला झोपवते, तिला शब्द देते, आणि शेवटी सगळे निघून जाऊ शकत असताना ती एकटी परत खाली उतरते. थिएटरवाल्यात ते शौर्य वाटतं. इथे कळतं की एकदा दिलेला शब्द मोडलाय म्हणून दुसरा ती मोडूच शकत नाही. हा सीन कापला याचं मला अजून वाईट वाटतं, सतरा मिनिटांतलं एकच काही ठेवायचं असतं तर मी हेच ठेवलं असतं.

दुसरी भर सेंट्री गन्सची. बोगद्यात आपोआप चालणाऱ्या बंदुका लावतात आणि आपले लोक आत बसून स्क्रीनवर गोळ्यांचा आकडा बघतात. तो आकडा भराभर खाली येतो. प्राणी जेमतेम दिसतात, आपण नुसता एक आकडा उतरताना बघतोय आणि घाम फुटतो. शेवटी एका गनमध्ये दहा गोळ्या उरतात तेव्हा प्राणी मागे फिरतात, गोळ्या संपत आल्यात हे त्यांना माहिती नसतं पण आपल्याला असतं.

आणि मग तो छताचा सीन. तो दोन्ही व्हर्जनमध्ये आहे पण दुसऱ्या वेळी तो नुसता ऐका. लाइट गेलेत, लाल इमर्जन्सी दिवे लागलेत, वास्केझ दार वेल्ड करतेय, हडसन ट्रॅकरवरचं अंतर मोठ्याने वाचतोय, मीटर कमी कमी होत चाललेत आणि एका क्षणी आकडा इतका लहान होतो की ते खोलीच्या आतच असायला पाहिजेत. दार तर बंद आहे. खोलीत कोणी नाही. हडसन म्हणतो यंत्र बरोबरच दाखवतंय, हिक्सला वाटतं तू चुकीचं वाचतोयस. मग रिप्ली वर बघते. हिक्स टॉर्च घेऊन चढतो आणि छताची फळी बाजूला करतो. यंत्र पहिल्यापासून खरंच सांगत होतं, फक्त वर की खाली ते सांगत नव्हतं. भरवशाची वस्तू खरं बोलूनसुद्धा तुम्हाला वाचवू शकत नाही, इतकं साधं भीतीचं गणित मला दुसऱ्या कुठल्या ॲक्शन पिक्चरमध्ये दिसलेलं नाही.

दुसऱ्या वेळी बर्कवरही नजर ठेवा. पहिल्या भेटीतच तो आपण चांगला माणूस आहोत हे स्वतःच्या तोंडाने सांगतो. तसंच पोळ्यात शिरल्यावर मरीन्सकडून गोळ्या काढून घेतात कारण वरच कूलिंगची यंत्रणा आहे, आणि वास्केझ गुपचूप स्वतःची सोय करून ठेवते, ते एका क्षणात होतं, सुटायला नको. ते पोळं लंडनमधल्या ॲक्टन लेनच्या बंद पडलेल्या पॉवर स्टेशनमध्ये उभारलं होतं, म्हणून ती लोखंडी जाळी, ते पाइप, सगळं खरं जड वाटतं.

शेवटची क्वीन बघताना हे लक्षात ठेवा की कॉम्प्युटर नाहीये त्यात. स्टॅन विन्स्टनच्या टीमने साधारण १४ फुटी बाहुली बनवली, आत दोन माणसं हात चालवायला आणि बाकी क्रेन, हायड्रॉलिक्स, दांड्या. पॉवर लोडरमध्येसुद्धा वीव्हरच्या मागे एक माणूस लपून ते सगळं वजन पेलत होता. काही शॉट छोट्या मॉडेल्सचे आहेत, कुठले ते ओळखायचा प्रयत्न करा, मला सगळे अजून ओळखता येत नाहीत. आणि हे सगळं चालू असताना वीव्हरचा चेहरा बघा, राक्षसांच्या पिक्चरसाठी बेस्ट ॲक्ट्रेसचं ऑस्कर नामांकन उगाच नाही मिळालं तिला.

क्रेडिट्स संपेपर्यंत बंद करू नका, अगदी शेवटी एक छोटा आवाज येतो.

पुढे काय बघायचं? तिसरा भाग, १९९२ चा, डेव्हिड फिंचरचा, लगेच लावू नका. तो सुरुवातीच्या काही मिनिटांतच दुसऱ्या भागात जे कमावलं ते काढून घेतो आणि याच्या आनंदात असताना ते फार लागतं. त्याआधी याच मालिकेतला २०२४ चा 'एलियन: रोम्युलस' बघा, त्याची गोष्ट पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधल्या काळात घडते त्यामुळे हे दोन्ही ताजे असताना तो बरोबर बसतो. मग तयारी झाली की तिसरा, आणि तो मात्र थेट लांबवाला लावा, २००३ मध्ये आलेला असेंब्ली कट, कारण तिथे कापाकापीने पात्रंच्या पात्रं अर्धवट राहिली होती आणि लांब व्हर्जनमध्ये ती निदान पूर्ण दिसतात.