झाडीची जमीन बागेखाली आणताना पहिला छोटा ट्रॅक्टर कसा निवडावा

कोकणात वडिलोपार्जित वरकस जमीन पंधरा-वीस वर्षे पडून राहिली की तिच्यावर घाणेरी, करवंद आणि रानमोडीचे जाळे पसरते आणि त्यातून ऐन, किंजळ, कुडा डोके वर काढतात. अशा जमिनीत काजू किंवा आंबा लावायचे ठरले की बहुतेकांच्या मनात पहिला विचार छोटा ट्रॅक्टर घेऊन सगळे साफ करण्याचा येतो. माझाही तोच विचार होता आणि त्यामुळे मी सुरुवातीला चुकीच्याच गोष्टी तपासत बसलो.

ट्रॅक्टर पाहायला जाण्याआधी सातबारा पाहावा. उताऱ्यावर वन किंवा खाजगी वन अशी नोंद असेल, तर एक फांदीही तोडण्याआधी तहसील आणि वन कार्यालयात चौकशी करावी. खाजगी वनांबाबतचा संपादन अधिनियम १९७५ चा आहे आणि त्याच्या नोंदी आजही अनेक उताऱ्यांवर सापडतात. १९८० च्या वन संवर्धन कायद्यानुसार वनजमिनीवर फळबाग लावणे हासुद्धा वनेतर वापर ठरतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. जमीन पूर्णपणे मालकीची असली तरी साग, खैर, ऐन, फणस यांसारखी झाडे तोडण्यासाठी १९६४ च्या वृक्षतोड विनियमन कायद्याखाली परवानगी लागते.

आता मुख्य मुद्दा. छोटा ट्रॅक्टर झाड उपटत नाही. पंधरा ते सत्तावीस अश्वशक्तीच्या या ट्रॅक्टरचे वजन साधारणपणे सहाशे ते हजार किलोच्या दरम्यान असते आणि मोकळ्या मातीत त्याची ओढ वजनाच्या निम्म्याच्या आसपासच भरते. जांभ्याच्या भेगांत मुळे रोवून बसलेला मांडीएवढा ऐनाचा बुडखा त्या ओढीने हलतही नाही, उलट क्लच जळतो. खुंट काढण्याचे काम पोकलेन किंवा जेसीबी दोन-चार दिवसांसाठी भाड्याने आणून उरकावे, तेही जिथे खड्डे घ्यायचे आहेत तेवढ्याच ठिकाणी. संपूर्ण उतार उकरला तर आधीच वीतभर असलेली माती पहिल्याच पावसाळ्यात वहाळातून खाली जाते.

ट्रॅक्टरचे खरे काम त्यानंतर सुरू होते. ऐन-किंजळ तोडले तरी बुडख्यातून पुन्हा फुटतात, घाणेरी मुळातून उठते आणि आषाढ-श्रावणात रान कमरेएवढे होते. हे फुटवे आणि गवत पुढची तीन-चार वर्षे वेळेवर कापत राहणे, कलमांना शेणखत आणि पाणी पोहोचवणे, तोडलेली लाकडे बाहेर काढणे, यासाठी छोटा ट्रॅक्टर हवा. म्हणून निवडही याच कामांच्या हिशेबाने करावी.

अश्वशक्तीचा आकडा विक्रेता सर्वांत आधी सांगतो, पण तो इंजिनचा असतो. गवत कापणारे स्लॅशर पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजार फिरवणाऱ्या, शाफ्टवर चालते आणि तिथे पोहोचणारी शक्ती त्याहून कमी असते. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र सरकारची कृषी यंत्रे तपासणारी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात पीटीओची शक्ती, ओढ आणि वळण्यासाठी लागणारी जागा हे सर्व मोजून दिलेले असते. विक्रेत्याकडे हा अहवाल आग्रहाने मागावा. चार फुटी स्लॅशरसाठी माझ्या मते चोवीस अश्वशक्तीच्या खाली जाऊ नये. महिंद्रा जिवो २४५ किंवा कुबोटा बी २४४१ हे या गटातले परिचित ट्रॅक्टर आहेत. अकरा अश्वशक्तीचा स्वराज कोड ओळींमधल्या हलक्या आंतरमशागतीला चांगला आहे, पण झाडीच्या जमिनीचे काम त्याच्यावर टाकू नये.

उताराच्या जमिनीसाठी फोर व्हील ड्राइव्हच घ्यावा. चढताना त्याचा उपयोग होतोच, पण उतरताना अधिक होतो, कारण इंजिनचा रोध चारही चाकांपर्यंत पोहोचतो. ब्रेक तेलात बुडालेले असावेत, म्हणजे चिखलपाण्यात ते दगा देत नाहीत. उतारावर डावे आणि उजवे ब्रेक पेडल एकत्र अडकवून ठेवावे, उतरण्याआधीच खालचा गिअर टाकावा आणि मध्येच क्लच दाबू नये. चालकाच्या मागची संरक्षक कमान आणि सीटबेल्ट यांवर तडजोड करू नये. आंब्याच्या फांद्यांखाली जायचे असेल तर दुमडणारी कमान मिळते का ते विचारावे, मात्र फांद्या संपल्या की ती पुन्हा उभी करून बेल्ट लावावा.

रुंदी स्वतः मोजावी. आमच्या जमिनीकडे जाणारी पाणंद दोन्ही बाजूंच्या गडग्यांमुळे एका वळणावर जेमतेम पाच फूट उरते आणि मी पाहिलेला पहिला ट्रॅक्टर तिथेच अडकला असता. दुसरा मी प्रात्यक्षिकासाठी जमिनीवरच मागवला. तो पाणंदीतून नीट आला, पण चढावर चालकाने स्लॅशर उचलताच पुढची दोन्ही चाके जमिनीपासून वीतभर सुटली. समोर वजनाच्या पट्ट्या लावल्यावर तोच ट्रॅक्टर तोच चढ शांतपणे चढला. या पट्ट्या किमतीत धरल्या आहेत का, हे मी तेव्हापासून सर्वांना विचारायला सांगतो. असे प्रात्यक्षिक शोरूमच्या अंगणात कधीच होत नाही, म्हणून जमिनीवर यायला नकार देणाऱ्या विक्रेत्याकडून ट्रॅक्टर घेऊ नये.

प्रात्यक्षिकाच्या वेळी खाली वाकून ट्रॅक्टरचे पोटही पाहावे. रस्त्यावर चालणाऱ्या ट्रॅक्टरला तिथे कशाची गरज पडत नाही, पण झाडीत तिरका कापलेला करवंदाचा खुंट डिझेलची नळी किंवा तेलाचा फिल्टर फोडू शकतो. पोटाखाली आणि रेडिएटरसमोर जाड पत्रा किंवा जाळी गावातल्या वेल्डरकडून बसवून घेता येते. हेच खुंट टायरही फाडतात, म्हणून तोडणी करणाऱ्यांना खुंट जमिनीलगत आणि आडवा कापायला सांगावे.

अवजारांत आधी स्लॅशर घ्यावे आणि माती भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटरची घाई करू नये, कारण मुळे व जांभ्याचे तुकडे त्याची पाती मोडतात आणि उतारावरची माती मोकळी होते. स्लॅशरच्या शाफ्टवर शिअर बोल्ट (जोर आला की मुद्दाम तुटणारा) किंवा स्लिप क्लच (जोर आला की घसरणारा) असलाच पाहिजे. गवतात लपलेल्या खुंटावर पाते आपटले तर बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. तुटलेल्या बोल्टच्या जागी हाताला येईल तो कठीण बोल्ट घालू नये, त्याच प्रतीचे चार-पाच बोल्ट टूलबॉक्समध्ये ठेवावेत. अंगठ्याहून जाड खोडे आधी कोयत्याने किंवा साखळी करवतीने काढावीत.

लाकूड ओढताना साखळी नेहमी मागच्या खालच्या ड्रॉबारलाच बांधावी. ती टॉप लिंकला, म्हणजे अवजाराला वरून धरणाऱ्या दांड्याला, किंवा ॲक्सलच्या वर बांधली आणि ओंडका अडला, तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालकावर उलटा पडतो. हे इतक्या झटक्यात होते की क्लचवर पाय जाईपर्यंत वेळ राहत नाही.

शासकीय अनुदान घ्यायचे असल्यास महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज करून पूर्वसंमती येईपर्यंत खरेदी करू नये, आधी घेतलेल्या ट्रॅक्टरला अनुदान मिळत नाही. प्रात्यक्षिक दिवाळीनंतर, गवत वाळून जमीन टणक झाल्यावर पाहावे आणि शक्य असल्यास पहिल्या पावसानंतर त्याच चढावर पुन्हा एकदा पाहावे.