एआयच्या काळात फ्रीलान्स लेखन : या चुका टाळा

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं आणि ऑनलाइन लेखनाच्या बाजाराची घडी विस्कटायला फार वेळ लागला नाही. उत्पादनांची वर्णनं, साच्यातले ब्लॉग, इकडचा मजकूर तिकडे फिरवून लिहिण्याची कामं सर्वांत आधी गेली. त्यातली बरीचशी आता परत येणार नाहीत, असं मला वाटतं. पण ज्या मजकुराची जबाबदारी कुणीतरी माणसाने घ्यावी लागते, ते काम अजून आहे. तेही हातचं जातं, आणि दर वेळी दोष एआयचा नसतो.

न तपासलेला संदर्भ पाठवणं

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. चॅटजीपीटीसारख्या साधनामागचं भाषेचं मॉडेल मुळात पुढचा शब्द कोणता येण्याची शक्यता जास्त, याचा अंदाज बांधत वाक्य पूर्ण करतं. त्यामुळे खरं पुस्तक आणि खरं वाटणारं पुस्तक ही दोन्ही नावं ते सारख्याच आत्मविश्वासाने देतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निवाडे सादर केले. ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. पाच हजार डॉलरचा दंड झाला. ‘हा खटला खरा आहे का?’ असं वकिलाने चॅटजीपीटीलाच विचारलं होतं आणि त्याने ‘हो’ म्हटलं होतं. ज्याने माहिती दिली त्यालाच ती तपासायला लावायची नाही, हे यातून घ्यायचं.

आपल्या पेशाला याहून जवळचं उदाहरण मे २०२५ मधलं. शिकागो सन-टाइम्सच्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या पुस्तकांची यादी छापून आली. यादीतली बहुतेक पुस्तकं कुणी लिहिलेलीच नव्हती. लेखकांची नावं मात्र खरी आणि नामवंत होती. यादी एका फ्रीलान्स लेखकाने एआयच्या मदतीने केली होती. ती बाहेरच्या संस्थेकडून वृत्तपत्राला पुरवली गेली आणि वाटेत कुणीही एकेक नाव शोधून पाहिलं नाही.

उपाय कंटाळवाणा आहे, पण त्याला पर्याय नाही. ड्राफ्ट पूर्ण झाला की त्यातलं प्रत्येक विशेषनाम, आकडा, साल आणि अवतरण रंगवून ठेवा. मग एकेकाचा मूळ स्रोत उघडा. नुसती लिंक उघडली म्हणून समाधान मानू नका, कारण लिंक खरी आणि त्या पानावर तो दावाच नाही, असं वरचेवर होतं. स्रोत सापडला नाही तर ते वाक्य काढून टाका. ‘तज्ज्ञांच्या मते’ असं मोघम करून ते वाचवायचा मोह फार होतो. तो आवरा.

‘हे एआयने लिहिलंय’ असा आरोप आला की गोंधळून जाणं

स्वतः घासून लिहिलेला लेख क्लायंट डिटेक्टरमध्ये, म्हणजे मजकूर एआयचा आहे का ते सांगणाऱ्या साधनात टाकतो, लाल पट्टी येते आणि पैसे अडकतात. अशा वेळी राग येणं साहजिक आहे. हा अन्यायच आहे.

डिटेक्टर लेखक ओळखत नाहीत. शब्दांची निवड किती अपेक्षित आहे, वाक्यांची ठेवण किती एकसारखी आहे, यावरून ते अंदाज करतात. साधं, नेटकं लिहिणारा माणूस त्यात सहज सापडतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचा डिटेक्टर आणला, तेव्हाच कंपनीने सांगितलं होतं की तो एआयचा फक्त २६ टक्के मजकूर ओळखतो आणि माणसाचा ९ टक्के मजकूर एआयचा ठरवतो. अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये तो बंद झाला. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध त्यांनी सरासरीने एआयचे ठरवले. दुसऱ्या भाषेत लिहून पोट भरणाऱ्यांनी हा अभ्यास जवळ ठेवावा आणि वाद झाल्यास शांतपणे पुढे करावा.

पण वादात युक्तिवादापेक्षा पुरावा चालतो. लेख पहिल्या ओळीपासून गूगल डॉक्समध्ये किंवा बदलांचा इतिहास राखणाऱ्या दुसऱ्या साधनात लिहा. दुसरीकडे लिहून तयार मजकूर तिथे चिकटवला तर इतिहासाला काही अर्थ उरत नाही. टिपणं, मुलाखतीचं रेकॉर्डिंग आणि वाचलेल्या पानांची यादी जपून ठेवा. आरोप आला की हे सगळं एका मेलमध्ये पाठवा आणि लेखातल्या कुठल्याही भागाबद्दल फोनवर बोलायची तयारी दाखवा. पुढच्या करारात ‘केवळ डिटेक्टरच्या गुणांवरून मानधन रोखलं जाणार नाही’ असं एक वाक्य घालून घ्या.

मजकूर ‘मानवी’ करून देणाऱ्या साधनांतून मात्र लेख काढू नका. ती पारिभाषिक शब्दांना भलतेच पर्याय देतात, चांगली वाक्यं मुद्दाम वाकडी करतात, आणि क्लायंटचा मजकूर तिसऱ्याच्या हातात जातो तो वेगळाच.

काय चालेल, हे आधी न विचारणं

एका क्लायंटला व्याकरण तपासायलाही एआय नको असतं, दुसऱ्याला आराखडा एआयचा चालतो. काम सुरू होण्याआधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. न सांगता वापरलंत आणि पुढे उघडं पडलं, तर आधीच्या सगळ्या लेखांवरही संशय येतो. प्रश्न हक्कांचाही आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केलं की कॉपीराइटला मानवी कर्तृत्व लागतं. म्हणजे तिथल्या क्लायंटला ‘सर्व हक्कांसह’ विकलेला मजकूर निव्वळ एआयचा असेल, तर तुम्ही देतो म्हटलेले हक्क तुमच्याकडे नव्हतेच.

गोपनीयतेच्या करारातली कागदपत्रं चॅटबॉटमध्ये चिकटवणं हा तर सरळ करारभंग ठरू शकतो.

‘फक्त हात फिरवून द्या’ला भुलणं

एआयचा ड्राफ्ट तयार आहे, फक्त संपादन हवंय, म्हणून दर अर्धा. हे काम घेण्याआधी एक पान नमुना मागा आणि त्यातले दोन-तीन दावे तपासून बघा. दावे खोटे निघाले तर तुम्हाला संपादन नाही, पुन्हा लेखन करायचंय. शिवाय अशा मजकुरात उत्तम काम म्हणजे पाल्हाळ कापणं, आणि शब्दांवर दर असेल तर जितकं चांगलं कापाल तितके पैसे कमी. तासावर किंवा पूर्ण लेखावर दर ठरवा.

महिन्याला शेकडो लेखांची मागणी आली, तर क्लायंटला गूगलचं धोरण दाखवा. मजकूर एआयने लिहिला एवढ्यावरून गूगल तो खाली ढकलत नाही, हे त्यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलं. पण शोधयादीत वर येण्यापुरता घाऊक मजकूर काढणं, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, मार्च २०२४ पासून त्यांच्या स्पॅम धोरणात येतं.

पैशांचे जुने नियम बदललेले नाहीत : नोंदणी शुल्क मागणाऱ्याला नकार द्या, नव्या क्लायंटकडून आगाऊ रक्कम घ्या, नमुना म्हणून पूर्ण लेख फुकट लिहू नका.

काम आटलं की एआयने लिहिलेले प्रस्ताव शंभर ठिकाणी पाठवणं

समोरच्याकडे तसलेच प्रस्ताव ढिगाने आलेले असतात आणि पहिल्या ओळीतच ते कळतं. त्यापेक्षा जुन्या क्लायंटच्या साइटवर एक दुपार घालवा. आकडे शिळे झालेले, लिंक तुटलेले लेख शोधा. त्यातल्या एका लेखातल्या तीन नेमक्या चुका, दुरुस्तीसह, मेलमध्ये लिहा आणि बाकीचे लेख अद्ययावत करायला किती घ्याल, तो आकडा त्याच मेलमध्ये द्या.